१० बाय १४ च्या हॉलमध्ये ५.१ बसवायचंय (बाबांना डायलॉग ऐकू येत नाहीत)

पंक्या_डोंबिवली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा वन बीएचके आहे, हॉल बिल्डरच्या कागदावर १० बाय १४, टेपने मोजला तर साडेतेरा भरतो. लांबीच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, म्हणजे बसलं की डोकं जवळजवळ भिंतीला लागतं आणि टीव्ही आठेक फुटांवर. उजव्या हाताला गॅलरीचा सरकता काचेचा दरवाजा, डाव्या हाताला भिंतच नाही, सरळ किचन चालू होतं. प्रॉब्लेम असा की बाबांना (वय ७४) सिनेमातले डायलॉग कळत नाहीत. बातम्या कळतात, कीर्तन कळतं, पण सिनेमा नाहीतर वेबसिरीज लावली की "काय म्हणाला रे तो?" सुरू. मग ते आवाज ४० वर नेतात, डायलॉग संपून मारामारी सुरू झाली की आई किचनमधून ओरडते, आवाज १५ वर येतो, पुन्हा डायलॉग, पुन्हा ४०. रिमोटवरचं आवाजाचं बटण अक्षरशः पुसून गेलंय.

बजेट ४० हजार, अगदीच ताणलं तर ४५. दुकानात गेलो तर तो म्हणाला ५.१.२ घ्या (५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि बेसचा एक सबवूफर, म्हणजे सब; पुढचे २ छतावर आवाज आपटवून वरून ऐकवणारे, त्यालाच ॲटमॉस म्हणतात), आता सगळे ॲटमॉसच नेतात, १००० वॅट आहे, एका खोक्यात सगळं. घेऊ का? की साउंडबार बरा? आणि हो, आई हॉलमधल्या दिवाणावरच झोपते, साडेदहाला.

रेझिस्टर

खोकं घेऊ नका. निदान आठवडाभर तरी नका, दुकान कुठे पळून जात नाही.

आधी बाबांचं बोलू. वय झालं की कान पहिल्यांदा वरच्या पट्टीतलं ऐकायचं सोडतो, आणि स, श, त, क, फ ही अक्षरं तिथेच राहतात. त्यामुळे आवाज वाढवला की बोलणं मोठं होतं, स्पष्ट होत नाही. बातम्या कळतात कारण तिथे एकच माणूस माइकसमोर बसून बोलतोय, मागे काही वाजत नाही. सिनेमात तेच बोलणं पाऊस, गाड्या आणि व्हायोलिनच्या खाली गाडलेलं असतं. तर एकदा ऑडिओमेट्री (कानाची तपासणी) करून घ्या, स्पीकर घेण्याआधी. मी स्पीकरवेडा माणूस आहे तरी हे सांगतोय.

दुसरं म्हणजे तुमचा टीव्ही. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात, म्हणजे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग तुमच्याकडे येतो. आणि ५.१ चा सिनेमा टीव्ही दोन चॅनलमध्ये कोंबतो, त्यात डायलॉगचा चॅनल बाकीच्यांच्या गर्दीत जातो. ५.१ मध्ये बहुतेक सगळं बोलणं मधल्या म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतं, आणि तो वेगळा असला की त्याचा एकट्याचा आवाज २-३ डेसिबल वर करता येतो. तुमच्या घरात खरं काम त्या एका स्पीकरचं आहे. बाकी सगळी वरात.

तेव्हा माझं मत: ३.१. पुढे तीन, एक सब, आणि एक साधा पाच चॅनलचा रिसिव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटून देणारा ॲम्प्लिफायर), सेकंडहँड चालेल. मागचे दोन पुढच्या वर्षीच्या बोनसला. डाव्या बाजूला भिंतच नाही म्हणताय, मग मागचे लटकवणार कुठे हाही प्रश्न आहेच.

१००० वॅटचं सोडा. चांगल्या स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर साधारण ८८ डेसिबल मिळतात. आठ फुटांवर ते ८० च्या आसपास येईल. १० वॅटला ९०. ९० डेसिबलला तुमच्या आई स्वतः येऊन मेन स्विच बंद करतील.

खालचा_मजला

नाव वाचून कळलंच असेल मी कोण ते. आमच्या वरच्यांनी दिवाळीला होम थिएटर घेतलं. सिनेमा कुठला चाललाय ते मला कळत नाही, नुसतं धुम्म, धुम्म, धुम्म, रात्री साडेअकराला, छातीत. एक शब्द ऐकू येत नाही, फक्त धक्के. दोनदा वर गेलो, ते म्हणतात अहो काका आम्ही तर हळू लावलंय. आणि ते खरं बोलतायत, त्यांच्या हॉलमध्ये उभा राहिलो तर खरंच फार मोठं नव्हतं!! मग माझ्या बेडरूममध्ये येतं काय?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण त्यासाठी शेजाऱ्यावर पोलीस घालायचे का, रोज लिफ्टमध्ये तोंड बघायचंय. तेव्हा पंक्याभाऊ, सब घेताना खालच्या मजल्याचा विचार करा एवढंच. हलके घ्या. (पण थोडं जड पण घ्या.)

रेझिस्टर

काका, तुम्ही म्हणताय ते अगदी बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. वरच्या पट्टीतला बारीक आवाज भिंतीत जिरतो, खालच्या पट्टीतला जाड आवाज जिरत नाही, तो स्लॅबमधून आरपार जातो. सबखाली रबराचे तुकडे ठेवले की लाकडी कपाटं नि फरशी वाजायची थांबते, थोडा फरक पडतो, पण ४० हर्ट्झचा धक्का हवेतूनही जातोच, त्याला रबर काही करू शकत नाही. इलाज एकच, रात्री सबचा आवाज कमी करायचा. बहुतेक रिसिव्हरमध्ये नाइट मोड असतो, वेगवेगळ्या नावांनी, तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज वर उचलतो. पंक्याशेठ, तुमच्या ४० आणि १५ च्या खेळावरही तेच औषध आहे बरं का.

एडिसनचा_अण्णा

आमच्याकडे न्यू जर्सीत याहून मजा. अपार्टमेंट लाकडी सांगाड्याचं, वरचा माणूस मोजे घालून चालला तरी मला कळतं. सब लावला त्याच आठवड्यात खालून झाडूने ठोकलं (झाडू म्हणजे इकडचा, लांब दांड्याचा). आता सब बंद, सोफ्याच्या सांगाड्याला खालून शेकर लावलाय, तो आवाज करत नाही, नुसता सोफा हलवतो. सोफ्याच्या पायांखाली जाड रबर मात्र पाहिजेच नाहीतर तेच पुन्हा खाली जातं. बायको म्हणते एसटीत बसल्यासारखं वाटतं. तिला ते आवडतं की नाही हे अजून कळलेलं नाही.

जयूताई

पंकज, दोन गोष्टी बोलायच्यात, पुरुषमंडळी या कधीच बोलत नाहीत.

एक, पंखा. पाचवर फिरणारा जुना पंखा टीव्ही आणि माणसाच्या मध्ये असतो आणि आपण स्पीकर बदलत बसतो. आमच्या सासूबाईंची हीच तक्रार होती, पंख्याचं बेअरिंग बदललं आणि सिनेमाच्या वेळी तीनवर ठेवायला लागलो, निम्मं काम तिथेच झालं. कुकर सिनेमाच्या आधी लावायचा हे वेगळं सांगायला नको.

दोन, तुझ्या हॉलमध्ये काय काय आहे ते लिहिलंच नाहीस. गुळगुळीत टाइल्स, काचेचा दरवाजा, उघडी भिंत, मोकळा सोफा? मग टाळी वाजवून बघ, टाळीनंतर टण्ण करून बारीक शेपूट ऐकू येतं का. येत असेल तर कुठलाही स्पीकर लावलास तरी शब्द एकमेकांत मिसळणार. काचेवर जाड पडदा, चुण्या भरपूर पडतील असा, काचेच्या दुप्पट रुंदीचा. सोफ्यासमोर सतरंजी नाहीतर जाड गालिचा. आणि सोफ्यामागच्या भिंतीवर, जिथे डोकं टेकतं, तिथे मी आईच्या हातची गोधडी टांगलीय लाकडी दांडीवर. येणारा जाणारा कौतुक करतो, ती आवाजासाठी आहे हे कुणाला कळतही नाही.

नवखा७

अंड्यांचे ट्रे लावले तर? आमच्या मित्राने बेडरूमला लावलेत, स्टुडिओसारखे

रेझिस्टर

ट्रे लावून झुरळं मिळतात, शांतता नाही. पुठ्ठा आहे तो, वरच्या पट्टीतलं थोडं इकडेतिकडे उडवतो, बास. आवाज बाहेर जायचा तेवढाच जातो. आणि पेट घेतो हे विसरू नका.

जयूताईंची गोधडी भारी आहे. तीन-चार थर सुती साड्यांचे असतील तर वरचं चांगलं शोषते. मागे दोन बोटं जागा सोडून टांगली तर अजून बरं. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, कापडात शिवून घ्यावं, पण उघडं ठेवू नका, खाज सुटते. जाड बेसवर मात्र यातलं काहीच चालत नाही, त्याला जागा बदलणं हाच उपाय.

सोफा भिंतीला टेकलाय हेच पंक्याचं खरं दुखणं होणार आहे. टीव्हीची भिंत ते सोफ्याची भिंत १० फूट, त्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो, आणि तो सगळ्यात जास्त भिंतीपाशीच साचतो. म्हणजे नेमका बाबांच्या डोक्याशी. सोफा एक वीतभर जरी पुढे आला तरी घ्या.

गुहागरकर

अवांतर: समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्पीकर घेताना कडेचं रिंगण रबराचं आहे का बघून घ्या. माझ्याकडे जुने फोमच्या कडेचे होते, बाहेरून टकाटक, एका पावसाळ्यानंतर बोट लावलं तर फोम खोबऱ्याच्या किसासारखा हातात आला. आणि रिसिव्हर बंद शोकेसमध्ये कोंबू नये, वरून वीतभर मोकळं ठेवा, गरम होतो, आणि पालींना ती ऊब फार आवडते. पुढचं सांगत नाही, जेवणाची वेळ आहे.

पंक्या_डोंबिवली

बापरे एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

बाबांची ऑडिओमेट्री झाली, डाव्या कानाला बऱ्यापैकी कमी आहे, मशीन सांगितलंय, ते म्हणतात "बघू". टाळी वाजवली, जयूताई, टण्ण आलं. पंखा तीनवर. गालिचा आला. पडदे शिवायला टाकलेत.

ऑफिसमधला एकजण कॅनडाला चाललाय त्याचा ५.१ चा रिसिव्हर १२ हजारात मिळाला, एआरसी आहे (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसिव्हरकडे येतो), सोबत मोजणीचा माइकपण दिला. पुढचे दोन बुकशेल्फ (छोटे स्पीकर) आणि सेंटर एकाच सिरीजचे १७ हजार, आठ इंची सब साडेनऊ. झाले साडेअडतीस. ५.१.२ कॅन्सल केलं, वरती पंखा फिरतोय त्यावर आवाज आपटवून ॲटमॉस करायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

वायर घ्यायला लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गेलो. २५ मीटर घेतली, दुकानदार म्हणाला प्युअर कॉपर साहेब, ओठ लाल करून सांगितलं. वायर लालसर दिसत होती, जाड पण वाटत होती. ठीक आहे ना?

लॅमिंग्टन_रिटर्न

घरी जा, ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा मुलामा. तीस वर्षं त्या रोडवर घालवलीत मी, प्युअर कॉपर हा शब्द तिथे नमस्कार-चमत्कारासारखा वापरतात.

पंक्या_डोंबिवली

पांढरी निघाली 😐

लॅमिंग्टन_रिटर्न

चालायचंच. तुमचं अंतर किती, चार-पाच मीटर, तेवढ्याला तीही चालेल, आवाजात फरक कळायचा नाही, फक्त टोकं लवकर तुटतात. मनाला लागत असेल तर सरळ दीड स्क्वेअर एमएमची लवचिक तांब्याची घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते, कंपनीचं नाव वायरवर छापलेलं असतं. सोन्याचा मुलामा नि ऑक्सिजन-फ्री वगैरेच्या नादी लागू नका.

पंक्या_डोंबिवली

लागलंच मनाला, दुसरी आणली. रविवारी सकाळी सगळं लावलं, आणि मंडळी, निराशा. आवाज मोठा आहे, पण कसा सांगू, डोक्याच्या आजूबाजूला फिरल्यासारखा येतोय. गाणं लावलं तर गायिका मध्ये उभी राहायच्या ऐवजी कुठेतरी पसरलीय. बेसपण बारीक. सेंटर तर बंदच वाटतोय, कान लावला तर काहीच नाही. आणि एक घूंऽऽ असा आवाज सतत. बाबा म्हणाले, "साडेअडतीस हजाराला भुंगा आणलास." आता हे ऐकून मी काय बोलणार.

रेझिस्टर

हाहा, बाबांना सांगा थोडं थांबा. तीन वेगवेगळी दुखणी आहेत, एकेक काढू.

गायिका पसरलीय म्हणजे एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडलीय. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. खात्री करायची असेल तर रिसिव्हर बंद करून वायरचं टोक त्यावरून काढा, त्या टोकाला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लस लाल वायरीला. स्पीकरचा पडदा बाहेर सरकला पाहिजे. आत गेला तर उलटं.

सेंटर बंद, याचं कारण नव्वद टक्के टीव्हीत आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम असेल, म्हणजे टीव्ही दोनच चॅनल पाठवतोय. ते बदलून ऑटो किंवा पासथ्रू करा. एचडीएमआय केबल एआरसी लिहिलेल्याच भोकात हवी, आणि सीईसी (टीव्ही आणि रिसिव्हर एकमेकांशी बोलतात ती सोय) चालू हवं, टीव्हीवाले त्याला आपापलं वेगळं नाव देतात.

घूं म्हणजे ५० हर्ट्झचा हम. केबलवाल्याची जी जाड गोल वायर सेट टॉप बॉक्सला येते ती काढून बघा, हम गेला तर तोच अपराधी. मग मध्ये आयसोलेटर टाकायचा, छोटासा असतो. कृपा करून कुणी सांगितलं म्हणून अर्थिंगची पिन कापू नका. हम जाईल, एखाद दिवशी तुम्हीपण जाल.

पंक्या_डोंबिवली

सेल लावला. उजवा स्पीकर, पडदा आत गेला!! कसलं भारी वाटलं ते बघून, टक् करून आत. शाळेत विज्ञानाचे प्रयोग असे दाखवले असते तर मी आज कुठे असतो. पीसीएमच होतं. हम केबलवाल्याचाच निघाला.

आता नवीन प्रश्न. माइक सोफ्यावर ठेवून ऑटो सेटिंग केलं, रिसिव्हर म्हणतो सब साडेअकरा फुटांवर आहे. अहो टेपने मोजलं, सहा फूट आहे. सेकंडहँड आहे म्हणून बिघडलाय का?

रेझिस्टर

नाही. सबच्या आतल्या सर्किटला आवाज बाहेर काढायला काही मिलिसेकंद उशीर होतो, रिसिव्हर तो उशीर फुटात धरतो, एक फूट म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. जे दाखवतोय तेच राहू द्या, टेपचं ऐकून बदलू नका. स्पीकर मात्र त्याने "लार्ज" धरले असतील तर हाताने "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचा बेस सबकडे जाईल. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण उजवीकडे, ते काम आता रिसिव्हर करतोय.

सब कुठे ठेवलाय? कोपऱ्यात टाकला असेल, जागा आहे म्हणून. तिथे आवाज सगळ्यात जास्त आणि सगळ्यात घाण येतो. एक जुनी युक्ती आहे: सब उचलून सोफ्यावर ठेवा, जिथे बाबा बसतात तिथे. बेस भरपूर असलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा लावा, आणि तुम्ही गुडघ्यावर रांगत भिंतीकडेने फिरा, कान जमिनीजवळ. जिथे बेस घट्ट आणि सरळ ऐकू येईल, फुगलेला नाही, तिथे सब.

पंक्या_डोंबिवली

रांगलो. हे लिहूनच ठेवतो, कारण घरात आता हा किस्सा वर्षभर पुरणार आहे.

सब सोफ्यावर उशीसारखा बसलाय, मी टीव्हीखालून रांगत चाललोय, एवढ्यात आई आली. "काय हरवलं रे?" म्हटलं बेस. ती पण वाकून शोधायला लागली. "रंग कुठला?"

असो. मजा पुढे झाली. मोबाईलवर टोन काढायचं ॲप घेतलं आणि २० पासून हळूहळू वर नेलं. ४० ला काही नाही, ४५ ला शोकेसची काच किंचित, आणि ५४ ला किचनमधून झिंऽऽग करून असा आवाज की मला वाटलं कोणीतरी भांडी घासतंय. मांडणीतली स्टीलची ताटं! एकावर एक उभी, सगळी एका सुरात. ५८ केलं, गप्प. परत ५४, परत झिंग. म्हणजे इतके दिवस मारामारी आली की बाबा जे म्हणायचे "मागून काहीतरी खणखणतंय" ते सिनेमात नव्हतंच, आमची जेवणाची ताटं होती. मांडणीचे दोन स्क्रू सैल होते ते आवळले आणि ताटांच्या मागे जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या लावल्या.

सब शेवटी टीव्हीखाली डावीकडे, कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर बसला. सोफा नऊ इंच पुढे. आईने मागच्या फटीत लगेच इस्त्रीचं टेबल उभं केलं, तिच्या मते सोफा त्यासाठीच पुढे ओढलाय.

जयूताई

"रंग कुठला" 😂😂 आईंना साष्टांग नमस्कार सांग.

सेंटर कुठे ठेवलास? टीव्हीखाली शोकेसच्या कप्प्यात आत ढकलून ठेवला असशील तर बाहेर ओढ, कप्प्याच्या कडेला नाक आलं पाहिजे. आणि खाली असला तर पुढून थोडा वर उचल, कानाच्या दिशेने. मी खोडरबर ठेवलेत दोन.

पंक्या_डोंबिवली

आतच होता! कप्प्यात डबा बोलल्यासारखं येत होतं, बाहेर ओढल्यावर गेलं. खोडरबर पण लावले, पुतण्याचे. त्याला अजून माहीत नाही.

नवखा७

माझे बुकशेल्फ भिंतीला चिकटून आहेत, मागे भोक आहे त्यातून हवा येते, बेस फार घुमतो. बाहेर ओढायला जागाच नाहीये टीव्ही युनिटवर. काय करू

लॅमिंग्टन_रिटर्न

भोकात मोजा कोंबा. थट्टा नाही करत. धुतलेला घ्या.

खालचा_मजला

पंक्याभाऊ, सगळं वाचतोय. रात्रीचं काय केलंत ते नाही लिहिलंत.

पंक्या_डोंबिवली

काका, तुमच्यासाठीच मुद्दाम केलं. आमच्या खाली एक जोडपं राहतं, छोटं बाळ आहे. मी स्वतःच खाली गेलो, म्हटलं तुमच्या बेडरूममध्ये उभा राहतो दोन मिनिटं, वरती मुलगा सिनेमा लावेल. आधी त्यांना वाटलं मी पार्किंगवरून भांडायला आलोय. मग चहा झाला. फोनवरून वरती सांगत राहिलो, सब एक घर खाली, अजून एक, अजून एक, जोवर धुम्म थांबलं. रिसिव्हरवर उणे ८ आलं. तो आकडा कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवलाय, दहानंतर सब उणे ८, नाइट मोड चालू, सेंटर अधिक ३. आई त्यात झोपते, तिचं म्हणणं पूर्वीच्या ४०-१५ पेक्षा हे बरं, निदान दचकायला होत नाही.

खालचा_मजला

तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला या. वरचा फ्लॅट रिकामा करून देतो.

रेझिस्टर

हे बेस्ट केलंत. मी एवढी वर्षं या भानगडीत आहे, खालच्यांच्या घरात उभं राहून सब लावायचं मला कधी सुचलं नव्हतं, मी आपला माझ्याच सोफ्यावर माइक घेऊन बसायचो.

आता मागच्या दोघांचं. बोनस झाला की लगेच पळू नका. पुस्तकात त्यांची जागा बसणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे, समोरपासून १०० ते १२० अंशात सांगितलीय, तुमच्याकडे एका बाजूला काच आणि एका बाजूला किचन. लावायचेच झाले तर सोफ्यामागच्या भिंतीवर दोन्ही टोकांना, कानाच्या दोनेक फूट वर, तोंडं एकमेकांकडे वळवून. कानात थेट ओरडता कामा नयेत. भिंत चार इंची असेल तर गिट्टी नीट बसवून घ्या आणि ड्रिल मारण्याआधी कन्सिल वायरिंग कुठून गेलीय ते बघा.

एडिसनचा_अण्णा

आणि वायरलेस मागचे स्पीकर म्हणून जे विकतात त्यांनाही वीज लागतेच, मी आणले तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वायर टाळायला गेलो आणि दोन एक्स्टेंशन बोर्ड आले.

पंक्या_डोंबिवली

मागचे दोन तूर्तास नाहीतच. काल रात्री बाबांनी पूर्ण सिनेमा पाहिला, अडीच तास. मध्ये एकदाच विचारलं "काय म्हणाला?", आणि मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाले, "हां, कळलं, कळलं." कानाच्या मशीनचं मात्र "आता काय गरज" असं सुरू झालंय, म्हणजे मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाय. पुढच्या आठवड्यात कसंही करून ट्रायलला नेतोय, फोनवर बोलताना माझा सेंटर चॅनल कामाला येणार नाही हे त्यांना पटवायचंय.

एक शेवटचं. ती पांढऱ्या पोटाची २५ मीटर वायर तशीच पडलीय. दिवाळी येतेय, गॅलरीत आकाशकंदिलाला वापरली तर?

लॅमिंग्टन_रिटर्न

अजिबात नाही. स्पीकरची वायर २३० व्होल्टसाठी नसते, वरचं प्लॅस्टिक तेवढं नसतंच, आणि आत ॲल्युमिनियम. कंदिलाला साधी दोन कोरची घरगुती वायर घ्या, शंभर-दीडशेचं काम आहे.

नवखा७

मग ती २५ मीटर मला द्या ना. डोंबिवली स्टेशनला येतो घ्यायला, ईस्टला